सिस्टीमला ओळखणारी दोन माणसं

"सोमवारपासून या कंपनीतून मला एकही फोन येणार नाही! एकही!" शनिवारी दुपारी घरी निघताना यतीश कुलालने छाती फुगवून जाहीर केलं.

ऐकायला फाटकावरचा मोनप्पा तेवढा होता आणि त्याच्याही एका कानात इयरफोनमधून यक्षगानातला चंडा ढोल दणाणत होता. दुसऱ्या कानात जे पडलं त्यावरून तो म्हणाला, "म्हणजे नोकरी सोडलीत?"

"सोडली नाही हो! सगळं दुरुस्त केलं! आता कोणाला काही अडणारच नाही!"

"बरं बरं," मोनप्पा म्हणाला आणि त्याने चंड्याचा आवाज वाढवला.

मंगळूरच्या दक्षिणतीर काजू कंपनीचा सर्व्हर यतीश सात वर्षं सांभाळत होता. कोणाला कुठली फाईल उघडता यावी, कोणाला नुसती बघता यावी, कोणाला तिचा वाससुद्धा लागू नये, हे ठरवणं त्याचं काम. आणि त्या कामाचा सात वर्षांत पार गुंता झाला होता. गोदामातून हिशेबात बदली झालेल्या माणसाकडे दोन्हीकडच्या परवानग्या, निवृत्त होऊन नातवंडं खेळवणाऱ्या माणसाचं लॉगिन अजून चालू, आणि पॅकिंगच्या एका पोराला तर धन्यांच्या घरातल्या लग्नाचे फोटोसुद्धा दिसायचे! तो सगळा गुंता यतीशने शनिवारी बसून सोडवला. प्रत्येक माणूस आपापल्या ग्रुपमध्ये घातला. जे कंपनी सोडून गेले त्यांचा वेगळा ग्रुप केला आणि सर्व्हरला सक्त ताकीद दिली, की या ग्रुपमधला माणूस दिसला की दारातूनच परत पाठवायचा, मग त्याच्याकडे कसलीही परवानगी असो. जाताजाता त्याने स्वतःसाठी ठेवलेलं अडीनडीचं लॉगिनही बंद करून टाकलं. चोरवाट हवीच कशाला?

यतीशची खोली तळमजल्यावर, गोदामाच्या मागे. बाहेर मंगळूरचा घाम अंगावरून ओघळत असायचा आणि हा आत स्वेटर आणि कानटोपी घालून बसलेला, कारण सर्व्हरला थंडी लागते. बाकीचं ऑफिस वरच्या मजल्यावर. सगळ्यांच्या आधी यायचा, सगळ्यांच्या नंतर जायचा. कँटीन वर होतं, पण जेवायला गेलो आणि फोन वाजला तर? म्हणून डबा तिथंच. दुरुस्तीसुद्धा तिथूनच व्हायची. वर कोणाच्या स्क्रीनवर बाण आपोआप हलायला लागायचा, हे उघड, ते मिट, आणि गायब! तेव्हा ऑफिसच्या लेखी यतीश म्हणजे फोनवरचा आवाज आणि स्क्रीनवरचा बाण. नाव विचाराल तर 'सिस्टीम'. "सिस्टीमला फोन लाव." "सिस्टीम जेवायला गेली वाटतं!"

उलट याला मात्र सगळ्यांचं सगळं माहीत. पासवर्ड कोणाला सांगू नका असं हजारदा सांगितलं तरी लोक फोनवर तो ओरडूनच सांगायचे! एक्सपोर्टच्या ग्लॅडिस बाईंचा पासवर्ड म्हणजे त्यांच्या कुत्र्याचं नाव. कुत्रा गेला त्या आठवड्यात त्यांनी तीनदा पासवर्ड बदलला आणि तीनदा विसरल्या. हिशेबातल्या जयलक्ष्मी अक्कांचा पासवर्ड 'डॉक्टरपुट्टा', कारण मुलगा पुट्टा डॉक्टर होण्याच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसला होता. अशी सगळी माणसं यतीशला पाठ होती. जवळून पाहिलेलं त्यातलं एकही नव्हतं.

संध्याकाळी उर्व्यातल्या खोलीवर गेलं की भात टाकायचा, कार्कळला आईला फोन करायचा. आई विचारायची, "जेवलास?" हा म्हणायचा, "जेवलो." झाला फोन.

मग असल्या माणसाला फोन बंद व्हायला कशाला हवेत? अभिमान, दुसरं काय! उत्तम सिस्टीमवाला म्हणजे ज्याचं अस्तित्वच कोणाला जाणवत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. त्या हिशेबाने तो देशात पहिला यायला हरकत नव्हती.

सोमवार उजाडला. ऑफिस भरलं आणि यतीशचा फोन वाजला.

"सिस्टीम, मला आत घेत नाहीये!" ग्लॅडिस बाई. "म्हणतोय, आपल्याला प्रवेश नाही! मी काय केलं?"

"रीस्टार्ट करून बघितलंत का?"

"केलं. आता अजून मोठ्या अक्षरात म्हणतोय!"

तो फोन ठेवतो न ठेवतो तोच दुसरा. जयलक्ष्मी अक्का, अगदी दबक्या आवाजात. "अण्णा, खरं सांगा, माझी नोकरी गेली का हो? शुक्रवारी मी धन्यांना जरा उलटं बोलले होते."

मग गोदाम. मग पॅकिंग. मग दस्तुरखुद्द धनी, नागेश कुडवा. "ही कंपनी कोणाची आहे? माझीच ना? मग मला प्रवेश नाही म्हणणारा हा कोण?"

यतीशने घाईघाईने स्वतःच्या संगणकावर नाव टाकलं, पासवर्ड टाकला. सर्व्हर म्हणाला, 'आपल्याला प्रवेश नाही.'

आणि त्याला शनिवारची शिंक आठवली.

निवृत्त झालेल्या एका माणसाचं नाव माऊसने उचलून तो 'सोडून गेलेले' मध्ये टाकत होता. त्या नावाच्या वरच्याच ओळीत होता 'सर्व कर्मचारी' हा ग्रुप. नेमकी तेव्हा थंडीने अशी दणदणीत शिंक आली, की हातातला माऊस एक ओळ उडाला! 'नक्की?' असं सर्व्हरने विचारलंही होतं बिचाऱ्याने. यतीश नाक पुसत होता. नाक पुसतपुसतच त्याने 'होय' दाबलं. एका शिंकेत धन्यांसकट अख्खी कंपनी नोकरी सोडून गेली!

चोरवाट बंद. आता एकच वाट उरली होती. सर्व्हरची देखभाल करणारी बंगळूरची कंपनी. त्यांच्याकडे एक मुख्य चावी असते. यतीशने फोन लावला. पलीकडून मेघश्री नावाच्या मुलीचा मधाळ आवाज आला.

"नक्की मदत करू सर! फक्त आपली ओळख पटवायची आहे. आपल्याला चेहऱ्याने ओळखणारी दोन माणसं हवीत, वेगवेगळ्या विभागांतली. त्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या."

"अहो, मीच यतीश कुलाल! माझा आवाज ओळखता ना तुम्ही?"

"ओळखते सर. पण आवाज चालत नाही. तुमच्या कंपनीचाच नियम आहे."

"कोणी केला असला नियम?"

"आपणच सर. दोन वर्षांपूर्वी. खूप भांडून करून घेतलात."

यतीशने फोन ठेवला. मला चेहऱ्याने ओळखणारी दोन माणसं, तो मनात शोधू लागला. मोनप्पा एक. पण मोनप्पा ठेकेदाराचा माणूस, कंपनीचा नव्हे. मग... मग? सात वर्षांतला एकही चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे येईना. सर्व्हरचे हिरवे दिवे तेवढे डोळे मिचकावत होते. फोन वाजतच होता. तो तसाच वाजत ठेवून, तशाच स्वेटर-कानटोपीत, यतीश जिना चढला.

वर नुसता कोलाहल! दारातच जयलक्ष्मी अक्का समोर आल्या. पन्नाशीच्या, केसांत अबोलीचा गजरा, कपाळाला आठ्या.

"आलास बाबा एकदाचा! किती दिवस झाले बोलावून! तो बघ, तिथून गळतंय."

"काय गळतंय?"

"एसी, आणखी काय! एसीवालाच ना तू? स्वेटरवरून ओळखलं मी. घे ती खुर्ची."

नाही म्हणणं यतीशला जन्मात जमलं नव्हतं. तो खुर्चीवर चढला. वर एक नळी निसटली होती, ती त्याने बसवली.

"अक्का, मी यतीश."

"बरं यतीश, आता जरा डावीकडे बघ, तिथूनपण थेंब पडतोय."

तिकडे टेबलापाशी ठेंगण्याठुसक्या ग्लॅडिस बाई रिसीव्हर कानाला लावून थयथयाट करत होत्या. "रिंग जातेय, रिंग जातेय, उचलत नाही! पळून गेली सिस्टीम!"

"पळून जाईल कुठं? कोण घेईल तिला घरात!" कोणीतरी म्हणालं.

"आवाज मात्र गोड हो."

"आवाज गोड, माणूस खडूस," अक्का म्हणाल्या. "कधी येऊन चार शब्द बोलला? माझ्या नव्या घराच्या पूजेला अख्ख्या ऑफिसला बोलावलं होतं, आला का?"

"त्याला बोलावलं होतंस?" ग्लॅडिस बाईंनी विचारलं.

अक्का थांबल्या. "अख्ख्या म्हणजे... वरच्या सगळ्यांना गं."

यतीश खुर्चीवर उभा होता, हात एसीत, नजर भिंतीवर. पूजा कधी झाली तेही त्याला माहीत होतं. त्या दिवशी वरून एकही फोन आला नव्हता आणि सर्व्हर बिघडला की काय म्हणून त्याने तो तीनदा तपासला होता.

"ग्लॅडिस बाई, रिसीव्हर ठेवा," तो वरूनच म्हणाला. "तिथं कोणी नाही. मी इथं आहे."

ग्लॅडिस बाई सावकाश वळल्या. "पुन्हा बोल."

"काय बोलू?"

"रोज बोलतोस ते."

"रीस्टार्ट करून बघितलंत का?"

"सिस्टीम!!" अख्खा हॉल किंचाळला. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी डोळे मिटून पुन्हा एकदा म्हणायला लावलं, आणि पॅकिंगचा तो पोरगा धावतधावत खालून माणसं गोळा करून आला. "चला, चला! सिस्टीम वर आली आहे!" सात वर्षं थंडी अंगात मुरलेल्या यतीशला एकदम उकडायला लागलं. त्याने कानटोपी काढली.

"अगं बाई, याला केस आहेत!" अक्का म्हणाल्या.

मग त्याने शिंकेची सगळी हकीकत सांगितली. लोक हसून हसून खुर्च्यांवर कोसळले. पण तेवढ्यात नागेश कुडवा केबिनमधून तोफेसारखे बाहेर आले आणि हसणं थांबलं.

"हसताय? बंदरात आपला कंटेनर उभा आहे! कागद गेले नाहीत तर जहाज काजू न घेता जाईल! काजूची काय खीर करून घालू सगळ्यांना?"

ग्लॅडिस बाईंच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल लागला. बंगळूरच्या मेघश्रीने हसून सगळ्यांना नमस्कार केला. धन्यांनी मोबाईल हिसकावला. "मी मालक बोलतोय! हा माझा माणूस आहे, मीच ठेवलाय! कर चालू!"

"क्षमा करा सर. मालक चालत नाहीत. नियमात लिहिलंय, मालकांवर दबाव येऊ शकतो."

"कोणी लिहिलं हे?"

"यतीश कुलाल यांनी."

"कोण हा यतीश मेला?" अक्का कडाडल्या. "बोलवा त्याला! काम सगळं अडवून ठेवलंय मेल्याने!"

"अक्का," यतीश म्हणाला, "मीच तो."

"तू? तू तर सिस्टीम ना?"

"तेच तेच."

ग्लॅडिस बाईंनी धन्यांकडून मोबाईल घेतला आणि नाव सांगून तो अक्कांसमोर धरला. मेघश्रीने शांतपणे विचारलं, "जयलक्ष्मी मॅडम, आपण या गृहस्थांना ओळखता? कधीपासून?"

अक्कांनी यतीशकडे पाहिलं, धन्यांकडे पाहिलं, देवाच्या तसबिरीकडे पाहिलं. "आज सकाळपासून," त्या म्हणाल्या.

"अगं अक्का!" ग्लॅडिस बाईंनी कपाळावर हात मारला. "हिशेबातली बाई! हिला खोटं बोलताच येत नाही!"

"आणि सर, आमच्याकडच्या फोटोशी आपला चेहराही जुळत नाही," मेघश्री म्हणाली. "फोटोत भरघोस मिशी आहे."

मिशी यतीशने काढली त्याला पाच वर्षं झाली होती. काढली त्या दिवशी कोणीतरी काहीतरी म्हणेल असं त्याला वाटलं होतं. आई सोडून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं आणि आईच्यासुद्धा दिवाळीत.

"मिशी ना? थांब!" ग्लॅडिस बाईंनी पर्समधून भुवया रेखायची पेन्सिल काढली. "बस इथं. हलू नकोस."

त्यांनी डाव्या हाताने त्याची हनुवटी धरली, लहान मुलाचं तोंड पुसताना धरतात तशी, आणि त्या मिशी रेखाटू लागल्या. हॉलमधली माणसं खाली वाकून सूचना देत होती. "थोडी खाली!" "अरे, ही तर पोलिसाची झाली की हो!" मेघश्रीही मोबाईलमधून म्हणाली, "मॅडम, डावीकडे अजून जाड होती." सगळ्यांना हसू आवरत नव्हतं. यतीश मात्र डोळे मिटून गप्प बसला होता. त्याच्या तोंडाला कोणाचा हात लागून किती काळ लोटला होता, हे आठवायचा तो प्रयत्न करत होता आणि ते त्याला आठवत नव्हतं. मिशी जरा आणखी मोठी असती तर बरं झालं असतं, एवढं मात्र त्याला मनापासून वाटलं.

"झाली! हुबेहूब!"

"चेहरा जुळतो," मेघश्री म्हणाली. "पण ओळखणारी दोन माणसं हवीतच."

धनी घड्याळ बघून दात खात होते. यतीशने डोळे उघडले आणि अगदी हळू, फोनवर बोलायचा तसं, विचारलं, "अक्का, पुट्टाचा निकाल लागला का?"

अक्का चपापल्या. "तुला काय माहीत पुट्टाचं?"

"तुम्हीच सांगता ना दर सोमवारी. मागच्या वेळी थोडक्यात हुकलं. त्या दिवशी पासवर्ड चुकीचा पडतोय म्हणून फोन केलात, पण पासवर्ड बरोबर होता. तुम्ही रडत होतात."

अक्कांचा चेहरा हळूहळू बदलला. "आणि तू म्हणालास, सर्व्हरच बिघडलाय, दहा मिनिटं काही करू नका, नुसत्या बसा."

"सर्व्हर ठीक होता."

अक्कांनी मोबाईल स्वतःच्या हातात घेतला. "ए पोरी, लिही! सात वर्षं ओळखते मी याला! नाव यतीश... काय रे?"

"कुलाल."

"यतीश कुलाल! माझा माणूस आहे!"

"माझाही," ग्लॅडिस बाई म्हणाल्या. त्यांनी नाक ओढलं. "माझा ब्राउनी गेला तेव्हा घरात कोणी विचारलं नाही, इतकी का रडतेस म्हणून. याने विचारलं होतं, तो काय खायचा."

"धन्यवाद मॅडम," मेघश्री म्हणाली. "करते चालू."

चालू करायला तिला वेळ लागणार होता. तेवढ्यात कँटीनमधून गरम गोळीबजे आले, चहा आला. यतीशला मधली खुर्ची मिळाली. कोणी विचारलं, कुठला तू? कार्कळचा! अरे, माझी बायको कार्कळची! लग्न? नाही! नाही? अक्का ताबडतोब कामाला लागल्या. "माझ्या नणंदेची एक मुलगी आहे. जरा बोलकी आहे, पण तुला चालेल, कारण तू काही..."

"लॉगिन झालं!!" पॅकिंगचा पोरगा ओरडला.

आणि हॉल रिकामा झाला. रिकामा म्हणजे माणसं तिथंच होती, पण एकजात स्क्रीनकडे तोंड करून. अक्का वाक्याच्या मध्येच उठल्या, हिशेबात शिरल्या आणि नणंदेची मुलगी अर्धीच राहिली. ग्लॅडिस बाई कंटेनरचे कागद काढू लागल्या. धनी फोनवर बंदराशी बोलत केबिनमध्ये गेले. यतीश मधल्या खुर्चीवर मिशीसकट बसून होता. त्याने उरलेला गोळीबजा खाल्ला, जरा वेळ इकडेतिकडे बघितलं, कोणाला काही हवंय का याची वाट पाहिली आणि मग तो जिना उतरला.

खाली बसून त्याने पहिलं काम केलं ते 'सर्व कर्मचारी' ग्रुप जागेवर नेऊन ठेवायचं, उजव्या हाताने, डाव्या हाताने नाक घट्ट धरून. कागद गेले, जहाज काजू घेऊन गेलं. परवानग्या आता खरोखरच चोख बसल्या होत्या. दुपारभर एकही फोन आला नाही. चार वाजायच्या सुमाराला त्याने रिसीव्हर उचलून बघितला. चालू होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत यतीशने डबा उचलला, स्वेटर खुर्चीला अडकवला आणि फोन वाजला तर वाजू दे असं स्वतःलाच मोठ्याने बजावून तो वर कँटीनमध्ये गेला. अक्का नव्हत्या, आज पुट्टाचा निकाल म्हणून रजेवर. ग्लॅडिस बाई बंदरावर गेल्या होत्या. ओळखीचं कोणी दिसेना. दारात उभा राहून तो परत फिरायच्या बेतात होता, एवढ्यात कोपऱ्यातल्या बाकावरून भाजणी विभागाच्या एका माणसाने हात केला.

"या की! उभे काय?" त्याने सरकून जागा केली. "नवीन लागलात वाटतं?"

यतीशने जरा विचार केला. "होय," तो म्हणाला. "कालच."

"कुठल्या डिपार्टमेंटला?"

"सिस्टीमला."

"अरे वा!" त्या माणसाने आपल्या डब्यातली बांगड्याची आमटी पुढे सरकवली. "घ्या, लाजू नका. तुमच्या आधीचा तिथला माणूस फार खडूस होता म्हणे! कधी वर आला नाही, कोणाशी बोलला नाही. गेला का तो?"

यतीशने आमटी भातावर ओतून घेतली.

"गेला," तो म्हणाला. "पण तसा वाईट नव्हता हो."